सबवूफरच्या पेटीला लाखेचे सहा हात



विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की एखादा गाड्यांचा शौकीन तरुण बोलायला येणार आणि ढम्म ढम्म वाजवून दाखवणार. आली आहे मी. वय त्रेपन्न, माहेर सावंतवाडी, नवरा फौजेतून सिग्नल्समधला सुभेदार म्हणून निवृत्त. गाडीत मोठ्यानं गाणी लावणं मला आजही आवडत नाही. तरी सबवूफरच्या पेटीवर कुठलं आवरण चढवावं, यावर मी तासभर बोलू शकते. आज वीस मिनिटांत आवरते.

गोष्ट कोलकात्याची, फोर्ट विल्यममधल्या आमच्या क्वार्टरमधली. 2024 च्या डिसेंबरात या किल्ल्याचं नाव विजय दुर्ग ठेवलं गेलं आणि त्याच्या सेंट जॉर्जेस गेटला शिवाजी गेट म्हणू लागले. बातमी वाचली तेव्हा मी मनाशी हसले. विजयदुर्ग आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातला. आम्ही तिथं राहत होतो ते 2016 ते 2019. तेव्हा जुनंच नाव होतं, म्हणून मी आज तेच घेते. प्लासीच्या लढाईनंतर, 1758 साली इंग्रजांनी हा किल्ला बांधायला घेतला. सभोवार तोफांना मोकळी जागा हवी म्हणून झाडझाडोरा काढला, तेच आजचं मैदान. त्याच्याही आधी, 1742 साली, याच शहरानं मराठ्यांच्या धास्तीनं एक खंदक खणला होता. शेजारच्या बौदी मला चिडवायच्या, ‘बर्गी आली, पोरांना झोपवा!’ अशा त्या बर्गीच्या घरी 2017 च्या उन्हाळ्यात एक लाकडी पेटी तयार झाली.

माझा थोरला तेव्हा अकरावी संपवून बारावीत गेला होता. वडिलांची बदली सिक्कीमला झाली होती आणि त्याच्या बारावीपायी आम्ही क्वार्टर ठेवून घेतलं होतं. घरी मी, तो आणि सात वर्षांची धाकटी. आमची एक जुनी वॅगन आर होती. सुट्टीत त्यानं वडिलांना फोनवर विचारून चांदणी मार्केटातून एक दहा इंची सबवूफर आणला आणि मल्लिक बाजारातून जुना अ‍ॅम्प्लिफायर. पेटी स्वतः करायची म्हणाला. आतली मापं 36 बाय 30 बाय 20 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकवीस लिटर. स्पीकरनं व्यापलेली जागा वजा केली की वीस लिटर उरते. एमडीएफ 18 मिलिमीटर जाडीचा. चारी बाजूंनी बंद, कुठूनही हवा जाता कामा नये अशी. सुताराकडून फळ्या कापून आणल्या, बाकी सगळं त्यानं व्हरांड्यात केलं. गोंद, स्क्रू, कोपऱ्यांना आतून लांबी. बाप फोनवर आणि पोरगा जमिनीवर उकिडवा. मी चहा देत होते.

मग आला आवरणाचा प्रश्न. त्यानं राखाडी कार्पेट लावलं. सगळे तेच लावतात. त्याला कारणंही आहेत, ती मी आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कार्पेटच्या मुळावर उठली आहे.

कार्पेट चुका पोटात घालतं. स्क्रूचा खड्डा, लांबीचा उंचवटा, कापताना वाकडी गेलेली कड, काहीही दिसत नाही. डिकीत सामान आपटलं तरी ओरखडा उठत नाही. पेटी डिकीच्या गालिच्यावर सरकत नाही. स्वस्त असतं आणि एका दुपारी काम होतं. पहिल्यांदाच पेटी करणाऱ्याला याहून सोपं काही नाही. माझ्या पोरानं ते सुबक लावलं होतं. सांधा मागच्या बाजूला, खालच्या कडेशी. शोधल्याशिवाय सापडला नसता.

त्यासाठी वापरला तो पिवळा रबरी गोंद, चांभार चपलेला लावतात तसला. दोन्ही बाजूंना लावायचा, जरा सुकू द्यायचा आणि दाबायचं. त्याचा वास गाडीत तीन आठवडे होता. काचा बंद करून एसी लावला की डोकं धरायचं. पोरगा म्हणायचा, ‘आई, जाईल.’ आणि वास खरोखर हळूहळू गेला. मी विसरून गेले.

कोलकात्याचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता सरासरीच ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ डब्यात पाणी सोडतं. आम्ही कोकणातले, पावसाला घाबरत नाही. पण कोकणात पाऊस कोसळतो आणि वारा वाहतो. इथं हवा अंगाला चिकटून बसते.

ऑगस्टात धाकटीला दम लागायला लागला. आधी रात्रीचा खोकला, मग छातीत शीळ. डॉक्टरांनी तपासलं, फवारा दिला आणि मला प्रश्न विचारले. घरात गालिचा आहे का? जुन्या गाद्या? भिंतीला ओल? कुत्रं-मांजर? मी सगळ्याला नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘धूळ आणि बुरशी कुठं साठते ते बघा. पोरगी रोज कुठं कुठं बसते ते आठवा.’

मी घर उलटंपालटं केलं. गाडी मात्र आठवली नाही. रोज सकाळी तिला त्याच गाडीतून शाळेत सोडत होते. काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर ती आणि तिच्या पाठीमागे ती पेटी.

एके दिवशी डिकीतून पिशवी काढताना हाताला ओल लागली. डिकीच्या दाराचं रबरी बीडिंग जुनं झालं होतं, पाणी झिरपत होतं आणि ते आम्ही बघितलंच नव्हतं. चूक आमची. पेटी आडवी केली. खालचं कार्पेट भिजून काळं-हिरवं झालेलं. कोपरा ओढला तर पापुद्र्यासारखा सुटून आला आणि खाली एमडीएफ फुगून पावासारखा झालेला. जो वास आला तो आमच्या घरच्या माळ्यावर, पावसाळ्यात विसरलेल्या गोणपाटाला येतो, तोच.

पोरगा शाळेतून आला तेव्हा मी पेटी व्हरांड्यात काढून ठेवली होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘तू न विचारता काढलीस.’ मी म्हटलं, ‘तुझ्या बहिणीला दम लागतोय.’ तो म्हणाला, ‘माझ्या पेटीमुळेच लागतोय कशावरून?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. डॉक्टरही एवढंच म्हणाल्या, की हे एक कारण असू शकतं, काढून टाका. पण त्या संध्याकाळी माझ्या घरात एक मूल श्वासासाठी झगडत होतं आणि दुसऱ्याला वाटत होतं की आईनं आपल्याला गुन्हेगार ठरवलं. बाप सिक्कीमला, फोन लागेल तेव्हा लागेल. ‘पेटी फेकून दे’ म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, ‘पेटी राहील. आवरण बदलू. असं काहीतरी शोधू की जे धूळ धरणार नाही, ओल धरणार नाही आणि बंद गाडीत वास सोडणार नाही.’ तो काही बोलला नाही. पण पेटी उचलून आत घेऊन गेला.

मग आम्ही दोघं शोधाला लागलो. काय काय पाहिलं ते क्रमानं सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावच्या हवेप्रमाणे निवडता येईल.

पहिलं रेक्झिन. ओल्या फडक्यानं पुसता येतं, धूळ धरत नाही. अडचण कोपऱ्यांची. सपाट बाजूला छान बसतं, कोपऱ्यावर चुण्या पडतात. हेअर ड्रायरनं गरम करून ताणावं लागतं आणि उन्हाळ्यात तेच ताणलेलं रेक्झिन कडेला उघडं पडतं. शिवाय गोंद तोच पिवळा. कोरड्या हवेत, नागपूर-सोलापूरकडे, आणि ज्याला शिवणकाम-गादीकामाचा हात आहे त्याला हे चांगलं.

दुसरा ताग. कोलकात्यात राहून तागाचा विचार केला नाही असं कसं होईल? हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्या आहेत. बडा बाजारातून वीतभर नमुना आणला. दिसायला सुंदर, मातीच्या रंगाचा. पण नाकाजवळ नेला तर तेलकट वास. ताग कातायच्या आधी मऊ करायला त्याला तेल लावतात, त्याचा तो वास. आणि झटकला की तंतू उडतात. धाकटीसाठी हे नकोच.

तिसरा सनमायका. पक्का, पुसायला सोपा, ओरखडे कमी. सरळ कडांच्या चौकोनी पेटीला खरं तर उत्तम. पण कड आपटली की टवका उडतो आणि कुठं पोकळ राहिला तर तिथं स्वतःच थरथरून वाजतो. घरात ठेवायच्या पेटीला मी हाच सुचवेन.

चौथा रंग. रंगाचं काम पंचाहत्तर टक्के घासण्याचं असतं. एमडीएफची सपाट बाजू रंग नीट घेते, पण कापलेली कड ब्लॉटिंग पेपरसारखी पिते. तिला आधी पातळ पांढरा गोंद किंवा लांबी पाजून घासावं लागतं, मग प्रायमर, मग रंग. ऑइल पेंट दमट हवेत दिवसेंदिवस चिकट राहतो. फवाऱ्याचा लॅकर झटपट सुकतो, पण थिनरचा वास आणि व्हरांड्यात धूळ.

पाचवं, गाडीच्या खाली मारतात ते काळं रबरी-डांबरी कोटिंग. मजबुतीला तोड नाही. एका गॅरेजवाल्यानं फुकट मारून देतो म्हटलं. मी त्याच्या दुकानातल्या डब्यात नाक घातलं आणि नमस्कार करून निघाले. ते गाडीच्या बाहेर असतं म्हणून ठीक आहे.

इथं एक मधली गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. आवरणानं आवाज बदलतो का? बाहेरच्या आवरणानं बेस बदलत नाही. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत जवळजवळ 7 मीटर लांब असते. सात मीटरच्या लाटेला तीन मिलिमीटरचं कार्पेट काय जाणवणार? आवाज बिघडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे आवरणाचा सुटा तुकडा फडफडतो. दुसरं म्हणजे स्पीकरच्या कडेखाली कापडाची सुरकुती किंवा सांधा येतो आणि तिथून हवा फुसफुसते. म्हणून कुठलंही आवरण घ्या, स्पीकर बसतो त्या गोलाच्या आतपर्यंत ते नेऊ नका. कडेबाहेर कापा आणि मध्ये फोमची पट्टी द्या. हे मला माझ्या पोरानं शिकवलं आणि हे सांगताना तो त्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्याशी भरभरून बोलला.

पूजेच्या दिवसांत आम्ही तिघं मंडप बघायला गेलो. कोलकात्याचे मंडप बघणं म्हणजे आवरणांचं प्रदर्शन बघणंच असतं. आत बांबू, बाहेर कापड, गोणपाट, कागद, शिंपले, काय वाटेल ते. एका मंडपात काम अजून चाललं होतं. एक कारागीर बांबूच्या सांगाड्यावर खळीत बुडवलेलं कापड बसवत होता, हातानं सुरकुत्या बाहेर काढत. पोरगा तिथंच थांबला. बाजूला ढाक वाजत होता, त्याचा आवाज पोटात घुमत होता. धाकटीनं कानांवर हात ठेवले होते आणि ती हसत होती. तो कापडाकडे बघत म्हणाला, ‘आई, कापड आणि खळ. वरून काहीतरी कडक.’

आणि मला माझं माहेर आठवलं.

सावंतवाडीत चितारआळी आहे. लाकडी खेळणी, फळं, पाट, देव्हारे. आणि गंजिफा, ते गोल रंगवलेले पत्ते. लहानपणी मी ते करताना बघितले आहेत. कापडाला चिंचोक्याची खळ, वर खडूचा थर, घोटणं, रंगकाम, आणि मग लाख. लाखेनं तो पत्ता कडक होतो, ओल लवकर घेत नाही आणि हातातून सुळकन सरकतो. कापड, खळ आणि वरून कडक. चाळीस वर्षं ते डोक्यात होतं आणि मी रेक्झिनच्या दुकानांतून फिरत होते.

लाख म्हणजे काय, हे पोरांना माहीत नसतं म्हणून दोन वाक्यं. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक बसतो आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे करतात, ती चपडी. बंगालीत ‘गाला’. सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते. तिथं रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. शेजारच्या पुरुलियातही हा धंदा जुना, आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पळसांवरही लाख येते. वाळलेली लाख इतकी निरुपद्रवी, की औषधाच्या गोळ्यांना तिचा मुलामा देतात.

आणि आवाजाशी तर तिचं नातं आमच्या पेटीच्या कितीतरी आधीचं. 1902 च्या नोव्हेंबरात गौहर जानचं गाणं कोलकात्यात ध्वनिमुद्रित झालं, तिथून आपल्या देशातल्या रेकॉर्डांची कहाणी सुरू होते. त्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. 1908 साली सियालदहला त्या छापण्याचा कारखाना निघाला, पुढे डमडमला मोठा झाला. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत बालगंधर्वांच्या रेकॉर्डी होत्या. हातातून पडली की काचेसारखी फुटायची, ती हीच लाख.

बहू बाजारात जुनं फर्निचर पॉलिश करणारे मिस्त्री बसतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीदादांकडे गेलो. मी सावंतवाडीची, लाखेचं माहेर, असं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली. कापडावर लाख? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, लागेल, पण आत्ता नको. दमट हवेत लाखेवर पांढरं धुकं येतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. डिसेंबरात या.

मग डिसेंबरची वाट पाहिली. पुढे वाचनात आलं की ही कल्पना काही आमची एकट्याची नव्हती. अमेरिकेत फेंडर कंपनीच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरना 1950 च्या दशकात जाड सुती कापडाचंच आवरण असे आणि त्यावर लॅकर. ते जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे आजही त्या कापडावर लाख मारतात.

आता कृती. बायका स्वयंपाकाची सांगतात तशीच सांगते.

आधी जुनं सगळं काढलं. रबरी गोंद खरवडला, पॉलिश पेपरनं घासला. घासताना दोघांनीही मास्क लावला, एमडीएफची धूळ छातीला वाईट. फुगलेली खालची फळी बदलून तिथं मरीन प्लाय टाकला. सगळ्या कडा आणि कोपरे बोटानं चाचपून गोल केले, कारण धारदार कडेवर कापड आधी झिजतं. कापलेल्या कडांना पाणी घातलेला पांढरा गोंद दोनदा पाजला.

मग मांजरपाट. दोन मीटर आणला, आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घेतला. न आटवता लावलात तर नंतर तो ओढला जातो. तीन भाग पांढरा गोंद, एक भाग पाणी. खरं तर मला चिंचोक्याची खळ करायची होती, पण खळीला दमट हवेत बुरशी येते आणि ती टाळायला बुकबाइंडर मोरचूद घालतात. लेकरू मागच्या सीटवर बसणार, मोरचूद नको. म्हणून साधा पांढरा सुतारी गोंद. एकेका बाजूला लावत गेलो, स्टीलच्या वाटीच्या बुडानं सुरकुत्या बाहेर ढकलल्या. कोपरे वहीला कव्हर घालतो तसे दुमडले. दोन दिवस सुकू दिलं. वाजवून पाहिलं, कापड ढोलाच्या पानासारखं ताठ.

लाखेचं प्रमाण, एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडी. काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवायची, अधूनमधून हलवायची. लोखंडी डब्यात नको, काळी पडते. सकाळी फडक्यातून गाळायची. लागेल तेवढीच भिजवायची. फार जुनी झालेली लाख सुकतच नाही, चिकट राहते. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून बघायचा. स्पिरिट झटकन पेटतं आणि ते विषारी आहे. म्हणून चूल, उदबत्ती, मुलं, सगळं लांब. ते तीन दिवस धाकटी दुपारभर बौदींकडे होती.

पहिले दोन हात ब्रशनं. कापड ते पिऊन टाकतं, घाबरू नका. मग बारीक पेपरनं हलकं घासायचं, कारण उभे राहिलेले तंतू खडबडीत लागतात. पुढचे चार हात सुती फडक्याच्या बोळ्यानं, प्रत्येक हातात दोन तासांचं अंतर. साडेसहा चौरस फुटांच्या पेटीला पाऊण लिटर पुरलं. आतल्या बाजूलाही दोन हात मारले, म्हणजे एमडीएफ कुठूनच ओल घेणार नाही. मी म्हणेन हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक दिसतं तेवढंच झाकतात. ओल न दिसणाऱ्या बाजूनं येते.

चौथ्या हाताला रंग उतरला. मांजरपाट गुळाच्या ढेपेसारखा दिसायला लागला, धागा न् धागा वर आला. पोरगा म्हणाला, ‘एक हात मी मारतो.’ शेवटचे दोन त्यानंच मारले.

सिक्कीमहून फोन आला. मी सगळं सांगितलं. हे पलीकडून म्हणाले, ‘गाडीत लाक्षागृह बांधतेस की काय?’ मी म्हटलं, ‘पांडव तुम्हीच आहात, भुयाराचं तुम्ही बघा.’ हसण्यावारी गेलं, पण सिग्नल्सचा माणूस तो, दुसऱ्या दिवशी पोराला फोन करून विचारलंच, की बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकला आहेस ना? टाकला नव्हता. टाकून घेतला. आवरण कुठलंही असो, मंडळी, हे विसरू नका. आणि पेटी पट्ट्यानं डिकीला बांधा. कार्पेट सरकत नाही, पण लाखेची पेटी सरकते. आम्ही खाली रबरी बुटं लावली आणि वरून पट्टा.

आता लाखेची दुखणी. सांगितली नाहीत तर मी विक्रेती ठरेन. मे महिन्यात गाडी उन्हात होती, पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी राहिली आणि चिकटली. काढल्यावर पिशवीवरची अक्षरं पेटीवर उलटी उमटली. फार उष्णतेत लाख मऊ होते. दुसऱ्यांदा पाण्याची ओली बाटली ठेवली, तिथं पांढरं कडं आलं. दोन्ही वेळा पोरानं फडक्याला स्पिरिट लावून दहा मिनिटांत ते घालवलं आणि वर एक पातळ हात दिला. लाख जुन्या थरात विरघळून एकजीव होते, ठिगळ दिसत नाही. फौजी घराला हे फार सोयीचं. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं. रेक्झिन फाटलं तर तसलंच नव्या गावात मिळत नाही, चपडी आणि स्पिरिट कुठल्याही गावात मिळतं. ज्यांच्या गाड्या दिवसभर उघड्या उन्हात उभ्या राहतात त्यांनी लाखेच्या नादी लागू नये, सरळ रंग द्यावा.

धाकटीचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. तिचा दम कमी झाला. औषध चालू होतं, बीडिंग बदललं होतं, पावसाळा संपला होता आणि बुरशीचं कार्पेट गेलं होतं. यातल्या कशानं किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही आणि लाखेला श्रेय देणार नाही. पोराला मी एवढंच म्हटलं, की तुझ्या पेटीमुळे झालं असं मी कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, ‘म्हटलं नव्हतंस. पण तेव्हा तू माझ्याकडे बघितलंही नव्हतंस.’ खरं होतं ते. मी पेटीकडेच बघत होते.

म्हणून सांगते, पेटीला आवरण निवडताना दुकानातला नमुना सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की तुमच्या गावची हवा कशी आहे, गाडी उन्हात असते की सावलीत, आणि त्या बंद काचांच्या आत रोज कोण बसतं. मग नाकाला विचारा. डबा उघडून वास घ्या, नमुना आठवडाभर डिकीत ठेवून बघा. बुरशी आली तर येऊ द्या, नमुन्यावर आलेली बरी.

ती गाडी आम्ही विकली. पेटी विकली नाही. आता ती सावंतवाडीला आमच्या ओटीवर टीव्हीखाली आहे. थोरला नोकरीला लागला आहे, गणपतीला आला की आधी तिच्यावरून हात फिरवतो आणि कुठं पांढरं पडलंय का ते बघतो. पडलेलं असतंच, आमच्याकडचा पाऊस तो. मग तो मागच्या दारी बसून फडकं स्पिरिटात बुडवतो. धाकटी आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या गणपतीत तिनं त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि म्हणाली, ‘दादा, या वर्षीचा हात मी मारते.’